मॅडमना खुपणारा उजेड

मॅडमबरोबर हॉटेलात जेवायला जाणं ही मला शिक्षा वाटायची. हॉटेलात शिरल्यावर कुणीही आधी रिकामं टेबल शोधतं. मॅडम आधी छत बघायच्या. मग वेटरला जवळ बोलावून विचारायच्या, "आमच्या डोक्यावरचे तेवढे दिवे बंद करता का?" वेटर सांगायचा, सगळे एकाच बटणावर आहेत. मग मालकाला बोलवा. मालक गल्ला सोडून यायचा आणि मॅडम त्याला समजावायला लागायच्या, की असा निळसर पांढरा उजेड पडला की शेवभाजीची तर्री शिळी दिसते. मालक म्हणायचा, "मॅडम, गिऱ्हाईक तर रोज येतंय." मॅडम म्हणायच्या, "येतंय, पण बसत नाही. बघा, कसे भराभर जेवून उठतात." मालक म्हणायचा, "मग चांगलंच आहे ना!" इथून पुढे वाद. तोवर आमची शेवभाजी गार झालेली असायची आणि आजूबाजूची टेबलं जेवण थांबवून आमच्याकडे बघत असायची. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहायचे. जळगाव केवढंसं! त्या टेबलांवर एक तरी माणूस आमच्या चोपड्याकडचा निघायचाच, आणि बातमी माझ्याआधी घरी पोचायची.

अशी मी त्यांच्याकडे बारा वर्षं काढली.

आमचं काम काय होतं ते आधीच सांगून टाकते, कारण ते कुणाला कधी धड कळलं नाही. इमारत असो, बाग असो, कॉलेजचं आवार असो, तिथे दिवस मावळल्यावर उजेड कुठे हवा, किती हवा, कसला हवा आणि कुठे मुळीच नको, हे आम्ही ठरवायचो. वीज कमीत कमी जळावी, झाडावरच्या पाखरांची झोप मोडू नये आणि माणसाच्या डोळ्यात दिवा खुपू नये. मोठ्या शहरांत या कामाला मान आहे, त्यात लोक करिअर करतात. मॅडमनीही केलं होतं. बडोद्याला आर्किटेक्चर शिकून त्या बंगळुरात एका मोठ्या ऑफिसात होत्या. वडील आजारी म्हणून चार महिन्यांसाठी जळगावला आल्या. वडील गेले, मॅडम राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं. परत का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "इथे सगळे चुकीचे दिवे लावतात गं. असं टाकून जायचं कसं?" जणू गावभर कुणाची पोरं उघडी पडली होती.

आमच्या घरी मात्र या कामाचं काही खरं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, चोपड्याला केळीवाले. मी नाशिकला आर्किटेक्चर करून आले तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले होते. मग मी मॅडमकडे लागले आणि नानांची पंचाईत झाली. "बठ्ठं गाव इचारी राहिनं, तुमनी पोर काय काम करस? मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, लायटिंग डिझाइन." नानांनी तसं सांगितलं. त्यानंतर मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मामाने चहा पिता पिता अगदी आपुलकीने विचारलं, "मग लग्नात जनरेटरपण तुमचाच असतो का?"

मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "त्याला सांग, लग्नात जनरेटर लागतो कारण हॅलोजन फार लावतात."

त्यांचं ऑफिस बसस्टँडजवळ एका पाइपच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. तिथे ट्यूबलाइट नव्हती. दिवसभर खिडकीच्या उजेडात काम करायचं. संध्याकाळ झाली की सगळ्यांनी पेन्सिली, माउस खाली ठेवून खिडकीकडे तोंड करून बसायचं, उजेड कसा उतरतो ते बघायचं. उद्या सकाळी ड्रॉइंग द्यायचं असलं तरी बसायचं. ड्रॉइंग अर्थातच उशिरा जायचं आणि क्लायंटच्या शिव्या मी खायचे, कारण मॅडम फोन घेत नसत. फोनच्या पडद्याचा उजेडही त्यांना खुपायचा.

कुठलंही काम हातात घेण्याआधी त्यांचा एक नियम होता. दुपार कलायच्या सुमारास त्या जागेवर जाऊन बसायचं आणि अंधार पडेपर्यंत बघायचं, कोण येतं, कुठे टेकतं, कुठून जायचं टाळतं. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला होता. आम्ही त्याच्या फाटकाशी सतरंजी टाकून बसलो. समोर ट्रकमध्ये केळी भरली जात होती, ट्रॅक्टर येत-जात होते, हमाल आमच्याकडे बघून आपसात काही बोलत होते. घरच्या वहिनींनी पुन्हा पुन्हा चहा पाठवला. शेवटी त्या स्वतः बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "काही टेन्शन आहे का ताई? आत या ना."

अंधार पडल्यावर मॅडम उठल्या आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, "पायरीवर एक, तुळशीपाशी एक. बाकी काही लागत नाही."

तो म्हणाला, "अहो, पण बंगला हायवेवरून दिसला पाहिजे."

"कोणाला?"

"पाहुण्यांना."

"पाहुणे रस्ता चुकतात का?"

काम गेलं. येताना गाडीत मी गेलेल्या पैशांचा हिशोब करत होते. मॅडम म्हणाल्या, "त्या वहिनींचा चहा छान होता." 

सराफाच्या दुकानाचं तर सांगूच नये. जळगावात सोन्याच्या दुकानाचं काम मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. त्या शेटजींना दुकानाचा दर्शनी भाग नव्याने उजळायचा होता. हे काम मी आणलं होतं, चार-पाच चकरा मारून. मॅडम उन्हाचा काळा चष्मा घालून आल्या. बाहेर ऊन होतं म्हणून मी काही बोलले नाही. आत गेल्यावर चष्मा तसाच. शेटजी बोलत होते, काउंटरवरच्या मुली हार काढून दाखवत होत्या, वर छतभर शेकडो दिवे लखलखत होते. मॅडमनी पर्स उघडली, काळी छत्री काढली आणि दुकानाच्या मधोमध उघडून डोक्यावर धरली.

काउंटरवरच्या मुलींचे हात हारांवरच थांबले. शेटजींच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, घरात छत्री उघडतात का कुणी? लक्ष्मीच्या जागी?"

मॅडम छत्रीखालून म्हणाल्या, "माफ करा, पण इथे डोळे उघडे ठेवता येत नाहीत."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी त्यात जावं. शेटजी सभ्य होते. त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि काम दुसऱ्याला दिलं.

आता कुणी म्हणेल, मग तू राहिलीस कशाला? मी स्वतःला हे रोज विचारायचे. उत्तर सापडत नव्हतं असं नाही. ते साक्रीच्या पलीकडे होतं.

तिथे डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. पाड्यापाड्यांवरच्या मुली राहून शिकतात. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. आबांना आवारात दिवे करायचे होते. आम्ही नेहमीप्रमाणे दुपारी जाऊन पायरीवर बसलो. मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही आठे कसाले बठेल शेतस?" मॅडम म्हणाल्या, "इथे बसलोय ते तुम्ही कुठे कुठे जाता ते बघायला." मुली हसून पळाल्या.

संडास इमारतीच्या मागे होते. मधे कडुनिंबांखालची कच्ची वाट. दिवस मावळला तशी त्या वाटेवर कुणी जाईना. बऱ्याच वेळाने मुलींचा एक घोळका एकमेकींचे हात धरून धावत गेला आणि धावत परत आला. मॅडमनी रेक्टर बाईंना विचारलं, "बाकीच्या जात नाहीत?"

रेक्टर बाई धुळ्याच्या, करड्या शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "दुपारनंतर पोरी पाणीच पीत नाहीत, मॅडम. पाणी प्यायलं तर जावं लागेल ना तिकडे. मागच्या वर्षी एकीला वाटेत साप चावला. वाचली. पण तेव्हापासून तर बघायलाच नको. डॉक्टर म्हणतात, निम्म्या पोरींना लघवीचा त्रास आहे."

मॅडम उठून त्या वाटेने गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. 

दुसऱ्या दिवशी आबांच्या ऑफिसात बैठक झाली. आबा म्हणाले, "मले तर हायमास्ट पाहिजे, बाई. फाटकापाशी. उंच. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून दिसला पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "पोरी एसटीतून संडासला जातात का?"

मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. त्यांनी माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "काय झालं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही पोराला सांगावं तसं. दिवा पुढे उभा केलात तर इमारतीची सावली मागच्या वाटेवर पडेल. पुढच्या झगझगाटातून आलेल्या डोळ्यांना ती वाट आणखी काळी दिसेल. उजेड खिडक्यांतून मुलींच्या तोंडावर जाईल, झोप लागायची नाही. आणि फाटकाशेजारीच जेवायचा व्हरांडा आहे. पावसाळ्यात दिव्यावरची सगळी किडे-पाखरं ताटात येतील. आबांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की हायमास्टला देणगीदार मिळाला आहे, पाटीपण तयार आहे. मागच्या वाटेचं तुम्हाला काय करायचं ते करा.

मॅडमनी केलं. कमरेएवढे खांब, दिव्यावर टोपी, म्हणजे उजेड खाली वाटेवरच पडेल, कुणाच्या डोळ्यात नाही. संडासाच्या भिंतीवर एक मंद दिवा, समोरून येणाऱ्याचं तोंड ओळखू यावं म्हणून. सगळं सौर ऊर्जेवर, कारण तिकडे वीज कधी असते कधी नसते. खांबांच्या जागा ठरवायला त्यांनी मुलींनाच घेतलं. वाटेवर जिथे जिथे भीती वाटते तिथे उभ्या राहा, म्हणाल्या. मुली उभ्या राहिल्या. तिथे तिथे मी चुन्याने खुणा केल्या. या कामापायी त्यांनी जळगावातली दोन चांगली कामं लांबवली आणि ती गेली. मी चिडचिडले. पण त्या वाटेवर पहिल्या संध्याकाळी एक मुलगी एकटी, चालत, डबा हलवत गेली, तेव्हा गेलेल्या त्या दोन कामांची मला आठवणही झाली नाही, हे खरं आहे.

इथे ही गोष्ट थांबली असती तर मी मॅडमना देवच मानलं असतं. पण पावसाळ्यात आबांनी हायमास्टचं उद्घाटन ठेवलं. पाहुणे आले, बटण दाबलं, टाळ्या झाल्या आणि व्हरांड्यात पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. तूप वाढून होतंय तोवर पाखरं आली. शेकडो, हजारो, पंख गाळत. वरणात, भाजीत, प्रमुख पाहुण्यांच्या केसांत. लोक ताटं झाकायला लागले, पाहुणे उठून उभे राहिले. आबा ओरडले, "बंद करा रे तो दिवा!" दिवा बंद झाला. हळूहळू पाखरं कमी झाली. साऱ्यांना आपापल्या ताटात बघून सगळं कळलं होतं. कुणी काही बोलायची गरज नव्हती.

मॅडम पंगतीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "मी सांगितलं होतं, आबा. बैठकीत सांगितलं होतं. आता उजेडाचा रंग आणि किडे यांचा संबंध काय असतो, ते ऐका."

आबांनी हात जोडले. "माय, आते तरी चूप बठ ना! दोन घास खाऊ दे लोकांना."

त्या चूप बसल्या नाहीत. जिंकल्यावर गप्प राहायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच संस्थेच्या धुळ्याच्या कॉलेजचं मोठं काम आम्हाला मिळणार होतं, त्याची ड्रॉइंग मी दोन महिने खपून केली होती. ती अजून माझ्या कपाटात आहेत.

यानंतर बरीच वर्षं गेली. मॅडम साठीच्या पुढे गेल्या आणि त्यांचं वेड वाढतच गेलं. काळा चष्मा आता संध्याकाळीही असायचा. नमुन्याचे दिवे बघताना त्या म्हणायच्या, "हा फार पिवळा, मेलेला दिसतोय." मी जरा पांढरा आणायचे. "अजून." अजून पांढरा आणायचे. "हां, आता कुठे सोनेरी वाटतोय." मला तो सोनेरी वाटत नव्हता. पण मॅडमपुढे माझं काय चालणार! मी तो लिहून घ्यायचे आणि मागवायचे.

मग धुळ्यात, एका आवारात आमचंच काम चालू असताना, त्या आमच्याच कमरेएवढ्या खांबाला अडकून पडल्या. स्वतः जागा ठरवलेला खांब, ढळढळीत दिवसा. मनगट मुरगळलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी बांधताना डोळ्यांत बघितलं आणि आम्हाला थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. दिव्याकडे बघितलं की चमक पसरते का? खुपतं?"

मॅडम म्हणाल्या, "ते तुमच्या दिव्यामुळे. हा चुकीचा दिवा आहे."

"सगळं जरा पिवळसर दिसतं का?"

"मुळीच नाही. तुमच्या भिंतीच पिवळ्या आहेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. हॉटेलातले वाद, चष्मा, छत्री, न घेतलेले फोन, गेलेली कामं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्याला मी इतकी वर्षं तत्त्व समजून सोसलं, त्यात निम्मा मोतीबिंदू होता! रागवावं तरी कुणावर? मोतीबिंदूवर?

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं काही आठवड्यांनी व्हायचं होतं. त्या मधल्या दिवसांत मॅडमना एक डोळा नवा आणि एक जुना, असे दोन मिळाले आणि माझा जीव जायची वेळ आली. त्या ऑफिसभर फिरायच्या, एक डोळा झाकायच्या, मग दुसरा. "या डोळ्याने तुझी ओढणी निळी. या डोळ्याने मातकट. बघ! बघ!" मला काय दिसणार होतं?

मग त्यांची नजर नमुन्यांच्या कपाटावर गेली.

"हा दिवा कुणी निवडला? पांढराफटक आहे."

"तुम्हीच, मॅडम."

"मी? कधी?"

"गेल्या दिवाळीत. म्हणालात, आता कुठे सोनेरी वाटतोय."

त्यांनी तो लावला. उजवा डोळा झाकून बघितला, डावा झाकून बघितला. मग खुर्चीत बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा बघितलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

दुसरं ऑपरेशन झाल्यावर त्या मला घेऊन सराफाच्या दुकानात गेल्या. मी त्यांच्या पर्समध्ये छत्री नाही याची आधी खात्री करून घेतली. चष्म्याशिवाय त्या दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं काही वाईट नाहीये गं." मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. शेटजींनी पुन्हा सरबत मागवलं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "शेटजी, छत्रीचं मनात ठेवू नका. पण तुमचा बाहेरचा फोकस समोरच्या घरात जातो, तो चुकीचाच आहे."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मॅडमनी ठरवलं की गेल्या काही वर्षांत लावलेले सगळे दिवे बदलायचे. आपल्या खर्चाने. जिथे जिथे त्यांनी रंग पारखला होता, तिथे तिथे. गाडी मी चालवायची. लोक दारातूनच हात जोडायचे. जळगावातले एक काका म्हणाले, "मॅडम, आत्ता कुठे सवय झालीये, राहू द्या ना." मॅडम त्यांना पटवायला बसायच्या की तुम्हाला आवडलेलं हे काम चुकलेलं आहे.

शेवटी साक्री. तिथल्या वाटेवरचे जुने दिवे दोन वर्षांपूर्वी बदलले होते, म्हणजे ते मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पारखलेले. इथे मात्र त्या खरोखर घाबरल्या होत्या. साक्रीपर्यंत त्यांनी एकाही ढाब्याच्या दिव्याला नाव ठेवलं नाही.

पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. दिवे लागले. मॅडमना वाटलं होतं तितके नाही, पण पांढरे होते. रेक्टर बाई आल्या. मॅडमनी सगळं सांगितलं, ऑपरेशन, डावा डोळा, उजवा डोळा. "हे सगळे काढून दुसरे बसवते. आठवडाभर वाट बंद ठेवावी लागेल."

"नाही," रेक्टर बाई म्हणाल्या.

"अहो, हे चुकीचे आहेत."

"असतील. पण एक दिवससुद्धा वाट बंद ठेवायची नाही. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणता ना, मॅडम? पण पोरींना तर दिसत होतं. आता संध्याकाळचं पाण्याचं पिंप पुन्हा भरावं लागतं आम्हाला. एकेकट्या जातात पोरी. हात लावू नका माझ्या दिव्यांना."

मॅडमनी अजून खूप सांगितलं. आठवडा नको तर चार दिवस, चार नको तर एकेक खांब. रेक्टर बाई वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, त्या हलल्या नाहीत. मागून मुली येत-जात होत्या, आम्हाला "नमस्ते मॅडम" म्हणत होत्या.

परतताना धुळ्याच्या रस्त्याला मॅडम सुरू झाल्या. लोकांना चुकलेलं काम आवडतं म्हणजे काय? अडाणीपणा आहे. बाईंना रंग कळत नाही. आबांशी बोलायला हवं, उद्याच फोन लाव. आणि तू का गप्प उभी होतीस? तुला काही मत आहे की नाही?

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"मत?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बारा वर्षं मी तुमच्याकडे आहे, मॅडम. बारा वर्षं मी तुमच्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही पिवळा म्हणालात की पिवळा, सोनेरी म्हणालात की सोनेरी. माझे डोळे चांगले होते की! मला दिसत होतं, तो दिवा पांढरा आहे. एकदा तरी विचारलंत, तुला काय दिसतं म्हणून?"

मी आणखीही बरंच बोलले. हायमास्ट, कॉलेजची ड्रॉइंग, जनरेटरवाला मामा, सगळं निघालं. मग शब्द संपले आणि मी रडायला लागले, जे मला मुळीच करायचं नव्हतं.

मॅडमनी काच खाली करून पुढे बघितलं. म्हणाल्या, "पुढे चहाची टपरी आहे."

टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. चहा आला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, अगदी जवळून, नमुना बघावा तसं.

"तुझे केस कधी पिकले?"

"झाली चार-पाच वर्षं."

"बोलली नाहीस."

"काय बोलणार, मॅडम? माझे केस पिकले म्हणून?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग बाकड्यावरून वर, टपरीच्या दिव्याकडे मान करून म्हणाल्या, "तुला काय दिसतं?"

मी दमले होते. तरी बघितलं. म्हटलं, "दिवा चहावाल्याच्या अगदी डोळ्यांसमोर टांगलाय. रस्त्यावर गाडी थांबली की त्याला कपाळावर हात धरून बघावं लागतं, गिऱ्हाईक आहे की नाही ते."

मॅडमनी चहावाल्याकडे बघितलं. तेवढ्यात एक गाडी थांबली आणि त्याने कपाळावर हात धरला.

"मला हे नव्हतं दिसलं," मॅडम म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, "परवाच्या धुळ्याच्या बैठकीला तू बोल. मी येणार नाही."

त्या आल्या. शहरातल्या एका बागेचं काम होतं, समोर सगळी समिती बसलेली. मी बोलत असताना त्या मागच्या दाराने आत शिरल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मी सगळं मांडलं, वाटा कुठे, अंधार कुठे ठेवायचा, बायका संध्याकाळी कुठे बसतात. अध्यक्ष सगळं ऐकून मागे वळले आणि त्यांना म्हणाले, "मॅडम, तुमचं काय मत?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिला विचारा. तिचे डोळे चांगले आहेत."

समितीने माझ्याकडे बघितलं. मी पॉइंटर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं.

"फक्त एकच सांगते," असं म्हणून मॅडम पुढे आल्या, माझ्या हातातला पॉइंटर त्यांनी काढून घेतला आणि समितीचा चहा येऊन गार होईपर्यंत त्या एकट्याच बोलत राहिल्या.